गिटार मोडण्याचा खर्च

२८ ऑक्टोबर २०११, भाऊबीज. दिल्लीला लागून असलेल्या गुडगावच्या लेझर व्हॅली मैदानावर त्या संध्याकाळी रॉकच्या एका मंचाची मोडतोड झाली. फलक फाडले गेले, ध्वनियंत्रणेचं सामान उलथंपालथं झालं. हे सगळं होत असताना मंचावर वादक मात्र एकही नव्हता. मेटॅलिका हा अमेरिकी बँड त्या दिवशी भारतात पहिल्यांदाच वाजवणार होता. गर्दीच्या रेट्यानं मंचापुढचं बॅरिकेड ढासळलं, कार्यक्रम पुढे ढकलल्याची घोषणा झाली आणि दिवसभर ताटकळलेल्या लोकांनी राग सामानावर काढला. शेवटी कार्यक्रम रद्दच झाला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

दोन दिवसांनी, रविवारी ३० तारखेला, तोच बँड बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर उभा राहिला. पुण्या-कोल्हापुराकडून रात्रीच्या बसनं आलेली काळ्या टीशर्टातली पोरं त्या गर्दीत होती, बंगळूरचा इनर सॅंक्टम हा बँड आधी वाजवून गेला होता. मेटॅलिकानं ठरल्याप्रमाणे वाजवलं आणि लोक घसे बसलेले, पाय चिखलात माखलेले असे घरी गेले.

रॉकच्या मंचावरची मोडतोड हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि तो मांडायला या दोन तारखांइतकी सोयीची जागा मला दुसरी सापडली नाही. कारण हाच बँड मोडतोडीच्या नाटकात मुरलेला होता. १९८८-८९ च्या दौऱ्यात त्यांच्या मंचावर न्यायदेवतेचा भलामोठा पुतळा असे. दौऱ्यावरच्या मंडळींनी लाडानं तिचं नाव डोरिस ठेवलं होतं. रोज रात्री ठरल्या गाण्याला ही डोरिस कोसळायची आणि दुसऱ्या गावी पुन्हा जोडून उभी केली जायची. मग ८ ऑगस्ट १९९२ ला माँट्रियालमध्ये नाटकाच्या आगीनं खरं भाजलं. आतषबाजीची ज्वाला उसळली तेव्हा गायक जेम्स हेटफिल्ड नेमका तिच्यावर उभा होता. त्याचा हात होरपळला, कार्यक्रम तिथेच थांबला. त्या रात्री पुढे वाजवायला आलेल्या गन्स अँड रोझेसनंही लवकर आवरतं घेतलं आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी दंगल केली.

या अनुभवानंतर एखाद्यानं आगीचं नाव टाकलं असतं. मेटॅलिकानं चारच वर्षांनी, १९९६-९७ च्या दौऱ्यात, अपघाताचंच नाटक बसवलं. शेवटाकडे गाणं चालू असताना दिव्यांचे सांगाडे लोंबायला लागत, ठिणग्या उडत, एक तंत्रज्ञ अंगाला आग लागलेल्या अवस्थेत मंचावरून धावत जाई, सगळीकडे अंधार होई. प्रेक्षकांतल्या कित्येकांना वाटे, आता संपलं. मग कुणीतरी दोनचार साधे बल्ब लटकवी, छोटे अँप्लिफायर येत आणि चौघे जण एखाद्या गॅरेजमध्ये तालीम करत असल्यासारखे पुढचं गाणं वाजवत. तो जळणारा तंत्रज्ञ सराईत स्टंटमन होता. कुठली केबल केव्हा सुटणार, दिवा किती फुटांवर थांबणार, माणूस किती पावलांत विझवायचा, हे सगळं सेकंदांवर बांधलेलं होतं. मंचावर जे मोडताना दिसतं त्याची तालीम गाण्यांहून कडक असते, हे एकदा लक्षात आलं की गुडगावला नेमकं काय नव्हतं तेही कळतं.

हे सगळं सुरू झालं ते मात्र एका ठेंगण्या छतामुळे. सप्टेंबर १९६४ मध्ये लंडनच्या वेशीवरच्या हॅरो भागातल्या रेल्वे हॉटेलात द हू हा बँड वाजवत होता. पीट टाउनझेंडनं गिटार वर उचलली, ती छताला आदळली आणि तिची मान मोडली. समोरचे काहीजण हसले. टाउनझेंडनं उरलेली गिटारही आपटून टाकली, जणू ठरवूनच मोडली होती. पुढे लोक तेच बघायला यायला लागले. हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या पाठीमागचा हिशेब फारसा कुणी सांगत नाही. टाउनझेंडच्या गिटारी हप्त्यांवर घेतलेल्या असत. मोडलेल्या गिटारीचे हप्ते चालूच राहत. म्हणून तुकडे गोळा करायचे, सरस लावून जोडायचे आणि तीच गिटार पुन्हा मोडायची, असा उद्योग बँडनं बराच काळ केला. कीर्ती वाढत होती तसं कर्जही वाढत होतं.

टाउनझेंड ईलिंगच्या कलाशाळेत शिकला होता आणि आपल्या मोडतोडीमागे गुस्ताव मेट्झगर या कलावंताच्या विचारांचं बळ आहे असं तो सांगे. मेट्झगर न्यूरेंबर्गचा ज्यू. १९३९ मध्ये मुलांना सुखरूप बाहेर काढणाऱ्या मोहिमेतून तो इंग्लंडला पोचला, आईवडील नाझींच्या हाती मेले. त्यानं १९५९ पासून ‘स्वतःला नष्ट करणारी कला’ असा जाहीरनामा मांडायला सुरुवात केली. १९६१ मध्ये थेम्सच्या काठी त्यानं ताणून बांधलेल्या नायलॉनच्या कापडांवर आम्ल फवारलं. कापड विरत गेलं, फाटलं आणि पलीकडचं शहर दिसायला लागलं. ज्याच्या घरची माणसं यंत्रासारख्या शिस्तीनं मारली गेली, त्यानं नाशाला कलेत आणणं मला पटतं. हॉटेलात वाजवणाऱ्या पोरानं त्याचं नाव घेणं मला तितकंसं पटत नाही. पण टाउनझेंड खोटं बोलत होता असंही नाही. एकाच कृतीत विचार, चीड आणि तिकीटविक्री एकत्र नांदू शकतात. रॉकमध्ये तर त्या वेगळ्या काढताच येत नाहीत.

आपल्याकडच्या वाचकाला या कथेतला सर्वांत जवळचा प्रसंग १८ जून १९६७ चा वाटेल. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे संगीत महोत्सव होता. त्या रविवारी दुपारी मंचावर पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ बसले होते. हजारो तरुण मुलं तासन्‌तास ऐकत राहिली. रात्री त्याच मंचावर द हूनं गिटारी आणि ड्रम मोडले आणि त्यानंतर जिमी हेंड्रिक्सनं गिटारीवर पेट्रोलासारखा द्रव ओतून काडी लावली. हेंड्रिक्सच्या हाताचं कसब रविशंकरांना मनापासून आवडलं होतं. तेवढ्याच मनापासून ते जाळणं त्यांना सहन झालं नाही आणि ही वेदना त्यांनी पुढे वेळोवेळी बोलून दाखवली. हेंड्रिक्सचा हा पहिला अग्नी नव्हता. ३१ मार्चला लंडनच्या ॲस्टोरियात त्यानं हेच करताना हात भाजून घेतले होते. माँटेरेला जाळायची गिटार त्यानं स्वतः रंगवून ठेवली होती आणि ती अखेरीस हातात घेतली. म्हणजे जी जळाली तिचीही तयारी होती, आहेर देऊन पाठवावी तशी.

रविशंकरांची ती वेदना आपल्याकडे अजून ताजी आहे. एप्रिल २०२४ मध्ये पंजाबी-कॅनेडियन गायक ए. पी. धिल्लाँनं कॅलिफोर्नियातल्याच कोचेला महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार आपटून फोडली. परदेशी प्रेक्षकांना त्यात साठ वर्षांची जुनी रीत दिसली. भारतातल्या हजारो लोकांना वाद्याचा अपमान दिसला. अशा वेळी एखादा स्तंभलेखक हटकून शंकराच्या तांडवाचा दाखला देतो की बघा, आपल्याकडेही विनाशाचं नृत्य आहे. दाखला चुकीचा आहे. तांडव तालात चालतं आणि डमरू शेवटपर्यंत हातात शाबूत असतो.

वाद्याविषयीचा आपला हळवेपणा नुसता धार्मिक नाही, त्यात कारागिरीची किंमत आहे. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी-भाले घडवण्याचा आणि त्यांना धार लावण्याचा त्यांचा धंदा. राज्यं गेली, शस्त्रांची गिऱ्हाइकी आटली आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी त्याच हातांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. पंढरपूरकडचा मोठा भोपळा वाळवायचा, पोखरायचा, लाकूड जोडायचं, जवारी लावायची. एका तंबोऱ्याला कैक दिवस जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या गल्लीत हत्यारांची वाद्यं झाली तिथे उभं राहून वाद्याचं हत्यार करणाऱ्याकडे पाहिलं, तर तो आधी उधळ्या वाटतो आणि मग बंडखोर.

बंगळूरच्या रॉकला ही उधळपट्टी परवडणारीच नव्हती. या शहरात गिटार आली ती कँटोन्मेंटच्या वाटेनं. १८०९ मध्ये इंग्रजांनी लष्करी छावणी वसवली, तिच्याभोवती अँग्लो-इंडियन वस्ती, चर्चमधलं गाणं, क्लबांतले नाचगाण्याचे वाद्यवृंद असं एक जग तयार झालं. पुढे ब्रिगेड रोडच्या आसपासचे पब आले. त्यातला पेकोस १९८९ पासूनचा, तिथे दारूइतकंच जुनं रॉक ऐकायला लोक जात. नॅशनल लॉ स्कूलच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ या स्पर्धेत देशभरातले कॉलेजांतले बँड येऊन वाजवू लागले. पण या मुलांच्या हातातली गिटार बहुधा कोलकात्याची गिव्हसन असे. परदेशी हवी तर कुणाचा मामा अमेरिकेतून येईपर्यंत थांबायचं किंवा मुंबईला फुर्टाडोसच्या काचेला नाक लावून उभं राहायचं. अँप्लिफायर तर दोन-तीन बँडांत मिळून एक. एका रात्रीत गिटार मोडायची म्हणजे बँडच मोडायचा. १९९१ नंतर बाजार उघडला, आयटीचे पगार आले, चांगली वाद्यं हातात आली. तरी जपण्याची सवय सुटली नाही. जुने लोक आठवणी सांगायला बसले की बोलतात ते उसन्या घेतलेल्या पेडलबद्दल, पावसात झाकून ठेवलेल्या ड्रमबद्दल, ऐन वेळी गेलेल्या विजेबद्दल.

मग या शहरात मंचावरचा थरार कुठून आला? याचं उत्तर मला खंडेनवमीला सापडतं. त्या दिवशी बंगळूरात आयुधपूजा असते. कारखान्यातलं लेथ, रस्त्यावरची बस, कार्यालयातला संगणक, सगळ्यांना कुंकू-फूल लागतं, आणि अनेक घरांत गिटारीलाही. त्याच वेळी दारात, चौकात, गाडीसमोर कुंकू भरलेला कोहळा आपटून फोडतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर इतका चिखल असतो की दुचाक्या घसरू नयेत म्हणून पोलिसांना आधीच आवाहन करावं लागतं. साधन जपायचं आणि त्याच्यावरून उतरून दुसरं काहीतरी फोडायचं, ही इथली रीत आहे. बंगळूरच्या रॉकनं तीच उचलली असं मी म्हणतो. हे माझं मत आहे, पुस्तकातले सगळेच लेखक ते मान्य करतील असं नाही.

स्वरात्मा या बँडचं उदाहरण घ्या. त्यांचा गायक वासू दीक्षित कमरेला लाकडी-कापडी घोडा बांधून मंचावर नाचतो. कर्नाटकातल्या जत्रांत नाचणारा हा घोडा, आपल्याकडच्या वरातीतल्यासारखाच. कपडे भडक, हावभाव उघडेवाघडे, पण वाद्य जागच्या जागी. गायक रघू दीक्षित लुंगी आणि घुंगरांत येतो. १९९८ पासूनच्या क्रिप्टोसनं तर जुन्या वळणाच्या हेवी मेटलचा सगळा थाट उचलला, चामड्याचं जॅकेट, जुळ्या गिटारींचा कडकडाट. २०१३ मध्ये तो बँड जर्मनीतल्या वाकेनच्या महोत्सवात वाजवून आला, गिटारी धड घेऊन.

पॅलेस ग्राउंड्सवर आलेल्या पाहुण्यांनीही नकळत याच रीतीचा मान राखला. २००२ मध्ये पिंक फ्लॉइडमधला जुना वादक रॉजर वॉटर्स आला तो भिंतीविना. १९८०-८१ मध्ये पिंक फ्लॉइड मंचावर पुठ्ठ्याच्या विटांची अवाढव्य भिंत बांधत आणि शेवटी पाडत. बंगळूरला त्यातलं काहीच नव्हतं, नुसतं संगीत. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स आले आणि त्या रात्रीचं नाटक पावसानं केलं. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन आलं, या तोडीचा मेटल बँड भारतात येण्याची ती पहिली वेळ. त्यांचा गिटारवादक यानिक गर्स गिटार गळ्याभोवती गरगर फिरवतो, हवेत फेकतो, पायानं तारा छेडतो. दर वेळी वाटतं की आता पडणार. ती पुन्हा हातात येते आणि पुढचा स्वर वेळेवर वाजतो.

गर्दीत मात्र काहीतरी मोडतंच, आणि ते म्हणजे माणसाची मान. डोकं जोरानं झटकत ऐकण्याच्या या प्रकारावर ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २००८ च्या नाताळ अंकात अर्धा गंमतीचा, अर्धा गंभीर अभ्यास छापला होता. अशा गाण्याची सरासरी गती मिनिटाला १४६ ठोके; त्या गतीला मान ७५ अंशांहून जास्त फिरवली तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष. आठवडाभर संगणकासमोर वाकलेली बंगळूरची मान शनिवारी रात्री असा व्यायाम करते.

मोडतोडीच्या हिशेबात एक उलटा प्रकारही आहे आणि तो अलीकडचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये फीबी ब्रिजर्स या गायिकेनं अमेरिकी टीव्हीवर गाण्याच्या शेवटी गिटार मॉनिटरवर आपटली, ठिणग्या उडाल्या. पुरुषांनी पन्नास वर्षं केलेलं एका मुलीनं केल्यावर लोकांना अचानक सभ्यता आठवली. ठिणग्या नाटकी होत्या, गिटार सुमारे ८५ डॉलरची स्वस्तातली आणि कंपनीला आधी कळवलेलं होतं. त्या मोडक्या गिटारीचा लिलाव १ लाख १ हजार ५०० डॉलरला गेला, पैसे एका सामाजिक संस्थेला मिळाले. टाउनझेंडला हा भाव मिळाला असता तर हप्ते फिटले असते. बासवादक पॉल सिमोननची १९७९ मध्ये न्यूयॉर्कला आपटलेली बास गिटार तर पुढे लंडनच्या संग्रहालयात काचेत ठेवली गेली.

म्हणून या पुस्तकात मी संपादकांकडे एकच आग्रह धरला होता, की प्रत्येक प्रसंगात खर्च कुणी उचलला ते लिहा. मंचावरचं नुकसान सहसा वादकाच्या, कंपनीच्या किंवा विम्याच्या खात्यावर जातं. मंचाखालचं नुकसान प्रेक्षकाच्या अंगावर जातं. ३० जून २००० ला डेन्मार्कच्या रॉस्किल्डे महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना पुढच्या गर्दीत चेंगरून नऊ तरुण मेले. मंचापुढच्या चांगल्या बॅरिकेडला खाली गर्दीच्या बाजूनं पसरलेली पत्र्याची पाटी असते. लोक तिच्यावरच उभे राहतात आणि त्यांच्या वजनानंच बॅरिकेड जागेवर राहतं. जितका रेटा तितकी पकड. साध्या बांबू-पाइपांचं कुंपण रेट्यानं आडवं होतं. प्रेक्षकांच्या दृष्टीनं मंचावरच्या सगळ्या आतषबाजीपेक्षा ही पाटी महत्त्वाची, आणि तिच्याविषयी लिहिणारं कुणी नसतं.

बंगळूरच्या प्रशासनाचं लक्ष बराच काळ आवाजावर होतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा देशभरचा नियम. त्यावर २००५ चा शहराचा सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठीचा परवाना आदेश. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला आणि इंदिरानगरसारख्या भागांतले छोटे मंच काही काळ मुके झाले. ज्या तीस-चाळीस माणसांच्या खोलीत कुणाचा केसही वाकडा होत नव्हता तिथे कायदा पोचला. फाटकावरच्या गर्दीपर्यंत तो वेळेत पोचला नाही. ४ जून २०२५ ला क्रिकेटच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जण मेले. तिथे ना मंच पेटला होता ना कुणी गिटार आपटली होती.

या सगळ्या प्रसंगांतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग असा. मे २०१० मध्ये लॅम्ब ऑफ गॉड हा अमेरिकी बँड पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला. मुंबईचे भयानक मौत आणि स्क्राइब त्या दिवशी सोबत होते. गर्दीत माणसं एकमेकांवर आदळत होती, पडलेल्याला हात देऊन उठवत होती. त्याच महिन्यात, बंगळूरनंतर काही दिवसांतच, प्रागच्या एका छोट्या क्लबात याच बँडच्या कार्यक्रमात एक तरुण चाहता मंचावरून खाली पडला आणि पुढे मेला. गायक रँडी ब्लाइदला हे दोन वर्षं माहीतच नव्हतं. जून २०१२ मध्ये तो पुन्हा प्रागला उतरला तेव्हा या मृत्यूबद्दल विमानतळावरच त्याला अटक झाली, काही आठवडे तुरुंगात काढून तो जामिनावर सुटला. अमेरिकेत राहिला असता तर त्याला कुणी ओढून नेलं नसतं. २०१३ मध्ये तो खटल्यासाठी आपणहून परत गेला. मार्चमध्ये न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं, नैतिक जबाबदारी मात्र त्याच्याकडे ठेवली, आणि मुख्य दोष आयोजकांच्या व सुरक्षाव्यवस्थेच्या ढिसाळपणाला दिला. या खटल्यावरचं प्रकरण पुस्तकात बरंच पुढे आहे. वाचकानं तिथून सुरुवात केली तरी चालेल, माँटेरे नंतर वाचता येईल.